मातीत काय ओतलंय ते आधी सांगा, मग खत घालू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने तुमच्या पेपरात सोसायट्यांच्या बागा, गच्चीवरची भाजी, ओल्या कचऱ्याचं खत यावर बरंच येतंय आणि मी ते सगळं कापून ठेवते, पण त्यात एक गोष्ट कोणीच बोलत नाही म्हणून हे पत्र. आपण ज्या मातीत भाजी लावतोय तिच्यात आधी कोणी काय ओतलंय हे आपल्याला माहीत असतं का? आणि विष ओतलेलं असेल तर ती माती परत माणसात आणता येते का? येते, बऱ्याच अंशी येते, आणि त्यासाठी लागणारा माल, म्हणजे ओल्या कचऱ्याचं खत, या शहरात रोज तयार होतो आणि पार्किंगमध्ये गोण्यांत पडून राहतो. मी तीन वर्षं हे हाताने केलंय म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

मी मुलुंड पूर्वेला राहते. आमची बिल्डिंग जुनी, चार मजल्यांची, लिफ्ट नाही, पण मागच्या बाजूला चाळीस फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी मातीची पट्टी आहे आणि मुंबईत एवढी उघडी माती म्हणजे श्रीमंतीच. एक उंबर, दोन कढीपत्ते, नारळ, गवती चहा आणि टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली अळू. त्या अळूची वडी आमच्याकडे प्रत्येक घरात कधी ना कधी झालेली आहे. 2022 च्या मे महिन्यात तळमजल्यावरच्या एका घरात दाराच्या चौकटीला वाळवी लागली, वरून रंग तसाच पण बोटाने दाबलं तर चौकट पुठ्ठ्यासारखी आत जायची, मग मीटिंग झाली, कोटेशन आली आणि त्यातल्या स्वस्त पेस्ट कंट्रोलवाल्याला काम दिलं. दोन मुलं आली, भिंतीलगत चर खणला, फरशीला ड्रिलने भोकं पाडली आणि ड्रममध्ये दुधासारखं पांढरं पाणी कालवून ओतत गेली. एक लिटर औषधाला एकोणीस लिटर पाणी असं ती आपसात बोलत होती. मी खिडकीतून विचारलं हे काय आहे तर म्हणाली काही नाही काकू, वाळवीचं औषध. औषध हा शब्द आपण किती सहज वापरतो बघा, शेतातही औषध मारलं म्हणतात, घरातही औषध मारलं म्हणतात, आणि त्या कॅनवर पिवळा त्रिकोण होता आणि विष असं लिहिलेलं होतं.

इथपर्यंतही मी समजू शकते, वाळवी खरीच होती आणि घर वाचवायला हवंच होतं. पण काम संपल्यावर ड्रममध्ये माल उरला होता तो त्यांनी झारीने आमच्या सगळ्या पट्टीवर शिंपडला आणि वर सांगितलं की गार्डनला फ्रीमध्ये मारून दिलं, मुंग्या पण होणार नाहीत. कॅन आणि ड्रम अळूच्या नळाखाली विसळले. सेक्रेटरींनी थँक्यू म्हटलं. त्यांचाही दोष नाही, कोणालाच माहीत नव्हतं.

आमच्याकडे दरवर्षी पहिला मोठा पाऊस झाला की मागच्या पेव्हर ब्लॉकवर गांडुळं यायची, इतकी की मुलं चपलेने चिरडायला नको म्हणून मी झाडूने त्यांना मातीत सारायची, आणि दयाळ पक्ष्याची जोडी सकाळी सहापासून तिथे हजर असायची. त्या जूनमध्ये पाऊस पडला, मी छत्री घेऊन खाली गेले आणि पेव्हर ब्लॉक स्वच्छ. एकसुद्धा गांडूळ नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. झाडं मात्र हिरवीगार, अळू तर नेहमीपेक्षा तरारलेलं, आणि शेजारच्या आजी सुरी घेऊन पानं कापायला आल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला. मला तेव्हा नक्की काही माहीत नव्हतं, पण गांडुळं गेली आहेत ती माती चांगली नाही एवढं कळत होतं.

मग मी वाचायला लागले. कोटेशनच्या कागदावर क्लोरपायरीफॉस 20 टक्के ईसी, म्हणजे पाण्यात कालवून वापरायचं दाट द्रावण, असं लिहिलं होतं. हे कीटकनाशक किड्यांच्या नसांवर काम करतं, आपल्या नसांमध्ये पण तेच एन्झाइम असतं म्हणून ते माणसालाही वाईट, आणि अमेरिकेत घरगुती वापर 2000 साली झालेल्या करारानंतर टप्प्याटप्प्याने जवळपास बंद केला, युरोपने 2020 मध्ये पूर्ण बंद केलं आणि 2025 च्या मे महिन्यात जिनिव्हाला स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे चिवट विषारी रसायनांवरच्या जागतिक कराराच्या, बैठकीत काही सवलती ठेवून ते जागतिक बंदीच्या यादीत घेतलं. शेतात फवारतात त्या डोसला ते मातीत साधारण दोन ते चार महिन्यांत निम्मं होतं. पण वाळवीसाठी ओततात तो डोस कितीतरी पटीने जास्त, तिथे ते टिकावं म्हणूनच ओतलेलं असतं, आणि अशा मातीत ते निम्मं व्हायला सहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतसुद्धा लागतात. त्यात अजून एक गोची अशी की ते तुटलं की त्यातून टीसीपी नावाचा दुसरा पदार्थ निघतो आणि तो मातीतल्या जंतूंनाच त्रास देतो, म्हणजे जे सफाई कामगार विष खाऊन संपवणार त्यांच्याच जेवणात माती कालवल्यासारखं. माती आधीच भुकेली असेल तर मग ते काम आणखी रेंगाळतं. आणि आपली माती भुकेलीच असते हो, नर्सरीतून गोणीने येणारी लाल माती बघा, दिसायला सुंदर पण कुजलेला पाला, ह्यूमस, असं काही तिच्यात नसतंच.

इथेच कंपोस्टचा प्रश्न येतो. आपण खत म्हणजे झाडाचं जेवण एवढंच समजतो. पण विष पडलेल्या मातीत खत दोन वेगळी कामं करतं आणि या दोन कामांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण गडबड तिथेच होते. एक काम धरून ठेवायचं. ओट्यावर तेल सांडलं की आपण त्यावर पीठ टाकतो, तेल नाहीसं होत नाही पण पसरत नाही, पिठात मुरतं. क्लोरपायरीफॉस, डीडीटी अशी रसायनं पाण्यात फार कमी विरघळतात आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला घट्ट चिकटून बसतात, त्यामुळे मुळांना, गांडुळांना, पाण्याला ती कमी मिळतात. दुसरं काम खरोखर तोडायचं. कंपोस्टमध्ये अब्जावधी जंतू आणि बुरशा असतात आणि शिवाय मातीत आधीपासून असलेल्यांनाही पोटभर खायला मिळतं, त्यांची संख्या वाढते, आणि पालापाचोळा पचवायला ते जी एन्झाइम सोडतात त्यात विषाचे रेणूही जाता जाता तुटतात. काही जंतू तर थेट विषच खातात. एन. सेतुनाथन या आपल्या शास्त्रज्ञाने फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेत काम करताना भाताच्या शेतातल्या जंतूंत असा एक शोधला जो डायझिनॉन आणि पॅराथिऑनसारखी जहाल कीटकनाशकं तोडतो, ते 1973 साली प्रसिद्ध झालं. आपल्या माणसाचं एवढं मोठं काम आणि ते मला साठीत कळतं, याचं वाईट वाटलं.

पण पहिलं काम झालं म्हणजे दुसरं झालंच असं नाही. धरून ठेवलेलं विष तिथेच असतं. बायोचार म्हणून जो कोळसा हल्ली गार्डनिंगवाले विकतात तो धरून ठेवायला उत्तम आहे पण इतका घट्ट धरतो की कधीकधी जंतूंनाही ते मिळत नाही आणि तुटणं उलट मंदावतं. म्हणून घाई असेल, शेजारी विहीर असेल, तर कोळसा ठीक, पण माती खरंच साफ करायची तर पिकलेलं कंपोस्ट, सुका पाला आणि धीर. माझं हे मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

आता कंपोस्ट कुठून आणायचं? आमच्या बिल्डिंगचा कचरा थोडा, तो गाडीत जातो. पण बाजूला तेवीस मजल्यांचा टॉवर आहे. महापालिकेने 2017 मध्ये दोन ऑक्टोबरपासून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा स्वतःच्या आवारातच जिरवा असं सांगितलं, वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या किंवा दिवसाला शंभर किलो ओला कचरा करणाऱ्या, तेव्हापासून त्यांच्याकडे मशीन आहे. आणि त्या मशीनमधून निघालेलं खत त्यांना नको असतं! त्यांची बाग म्हणजे पोडियमवरच्या कुंड्या, त्यात किती घालणार. मी त्यांच्या मॅनेजरला भेटले तर तो म्हणाला मॅडम, जेवढं हवं तेवढं घेऊन जा, उपकार होतील. वीसएक गोण्या मी आणल्या, वॉचमन आणि आमचे माळीकाका हातगाडीवर चार फेऱ्यांत घेऊन आले.

गोण्या उघडल्या तर नाकाला झिणझिण्या आल्या, अमोनियाचा वास. मशीनमधून चोवीस तासांत खत निघतं असं सांगतात ते खत नसतं, तो वाळवलेला कचरा असतो. कच्चं खत मातीत घातलं तर ते मातीतच गरम होतं, नायट्रोजन ओढून घेतं, मुळं जाळतं. मी ते सुक्या पाल्यात मिसळून कोपऱ्यात ढीग लावला, आठवड्याला फावड्याने खालीवर केला, आणि ओल मुठीने बघितली, म्हणजे मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हायला हवा पण बोटांमधून पाणी टपकायला नको. पहिल्या आठवड्यात ढिगात हात घालवत नव्हता इतका गरम. दोन महिन्यांनी त्याला पावसातल्या मातीचा वास आला आणि रंग चहापत्तीसारखा झाला. तरीही एका वाटीत त्याचं पाणी काढून त्यात मेथीचे दाणे भिजवले, दुसऱ्या वाटीत साध्या पाण्यात, दोन्हीकडे मोड सारखे आले आणि मुळाची टोकं पांढरी राहिली तेव्हाच ते पिकलं असं मी मानलं. कच्च्या खताच्या पाण्यात टोकं तपकिरी पडतात. आमच्या दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी घरी धिंगरी आळिंबी (मशरूम) करते, पिशव्यांत भाताचा पेंढा भरून, तिच्या वापरून झालेल्या पिशव्यांचा पेंढाही मी मागून घेतला. लाकूड कुजवणाऱ्या बुरशा फार ताकदवान असतात, लाकडातलं लिग्निन तोडणारी त्यांची रसायनं डीडीटी आणि लिंडेनपर्यंत तोडतात हे 1985 साली अमेरिकेत एका बुरशीवर दाखवलं होतं, धिंगरी त्याच प्रकारातली.

दिवाळी संपल्यावर काम सुरू केलं. पावसात हे काम करूच नये, मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उकरलेली माती गटारात जाते आणि हे विष पाण्यात न विरघळता गाळाला चिकटून प्रवास करतं. मुलुंड पूर्वेचे नाले कुठे जातात? ठाण्याच्या खाडीत, जिथे फ्लेमिंगो येतात, जी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. माशांना आणि कोळंबीला क्लोरपायरीफॉस अगदी थोडंसुद्धा पुरतं. म्हणजे आमच्या झारीचा माल आमच्या पट्टीत राहतो हे मनातून काढून टाका.

भिंतीलगतची दीड फुटाची पट्टी मी अजिबात हलवली नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण उत्साहाच्या भरात लोक तिथेही खत घालतील. तिथलं विष वाळवीला अडवायलाच ओतलंय, ते तिथे टिकायला हवं, आणि भिंतीला टेकून पालापाचोळा, लाकडाचा भुसा ठेवला तर वाळवीला आपण आमंत्रणच देतो. तिथे आम्ही जुन्या लाद्या टाकल्या. उरलेल्या साडेसहा फुटांत सहा इंच खोल कुदळीने माती मोकळी करून चार घमेली मातीला एक घमेलं खत असं मिसळलं, वर पेंढा पसरला, हातात रबरी ग्लोव्हज आणि तोंडाला मास्क, आणि उकरायच्या आधी माती ओली केली म्हणजे धूळ उडत नाही. एक चार फुटांचा वाफा मात्र तसाच ठेवला, खत न घालता, फक्त पाणी. माळीकाकांना ते पटलं नाही, एवढंसं राहिलंय तेही करून टाकू म्हणाले, पण तुलना करायला काहीतरी हवं ना, नाहीतर जे बरं झालं ते खताने झालं की नुसतं दिवस गेल्याने झालं हे कसं कळणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कळतं कसं? सरकारची मृदा आरोग्य पत्रिका आहे, 2015 पासून, चांगली योजना आहे, पण तिच्यात बारा गोष्टी तपासतात, नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह वगैरे, कीटकनाशक त्यात नाही. त्यासाठी मोठ्या मशीनची खासगी लॅब लागते. मी एकदा केली तपासणी, चार आकडी बिल झालं, क्लोरपायरीफॉस सापडलं, टीसीपी तपासायचं तर वेगळे पैसे. दर सहा महिन्यांनी हे कोणाला परवडणार? बी पेरून बघावं तर कीटकनाशकाच्या मातीत बी मजेत उगवतं, किड्याचं विष झाडाला लागत नाही, म्हणून तर आमचं अळू तरारलं होतं. झाड हिरवं आहे म्हणजे माती चांगली आहे ही आपली सगळ्यात मोठी चुकीची समजूत.

म्हणून मी गांडुळांना विचारलं. शास्त्रज्ञ हीच परीक्षा लॅबमध्ये घेतात, मी घरी घेतली. आइस्क्रीमचा दोन लिटरचा चौकोनी डबा, मध्ये लग्नपत्रिकेचा जाड कागद उभा, एका बाजूला आमच्या पट्टीतली माती, दुसऱ्या बाजूला पुढच्या अंगणातली, जिथे काही मारलेलं नाही. दोन्हीकडची ओल सारखी, कारण कोरड्या मातीतून गांडूळ तसंही पळतं. मग कागद काढून त्या रेघेवर दहा गांडुळं ठेवायची, वर ओलं फडकं, आणि डबा दोन दिवस ओट्याखाली अंधारात. सुरुवातीच्या परीक्षेत दोन दिवसांनी नऊ गांडुळं चांगल्या मातीत, आणि दहावं रेघेवरच पडलेलं, सैल, हात लावला तरी न हलणारं. मला ते बघवलं नाही. दोन्हीकडे चांगली माती ठेवून पण केलं, तेव्हा पाच-पाच, सहा-चार असं झालं, म्हणजे डब्याचा दोष नव्हता. खत घालून वर्ष झाल्यावर परत केलं तर खताच्या मातीत चार गेली, चांगल्या मातीत सहा, आणि न खत घातलेल्या वाफ्याच्या मातीत दोनच. त्या वाफ्यातही सुधारणा होती, दिवसांनीही थोडं काम केलंच होतं. यातून विष संपलं असं सिद्ध होत नाही, गांडुळांना ते कमी लागतंय एवढंच कळतं, धरून ठेवल्यामुळे की तुटल्यामुळे हे डबा सांगत नाही. म्हणून अळू मी अजून खाऊ देत नाही. खायच्या भाज्यांसाठी आम्ही वेगळे उंच वाफे केले, खाली जाड प्लास्टिक, आत नवीन माती.

वेलभाज्यांबद्दल तर हात जोडून सांगते. भोपळा, काकडी या जातीच्या वेलांची मुळं जुनी, हट्टी कीटकनाशकं मातीतून ओढून घेतात, अमेरिकेत कनेक्टिकटच्या शेती संशोधन केंद्रात झुकिनीवर डीडीटीच्या अवशेषांसाठी आणि जपानमध्ये काकडीवर डिल्ड्रिनसाठी हे पुन्हा पुन्हा दिसलंय. बाकीच्या भाज्या एवढं घेत नाहीत. आणि आपण मुंबईत जागा कमी म्हणून नेमके वेलच लावतो, कुंपणावर चढवतो.

जुनी कीटकनाशकं म्हटल्यावर माझ्या लहानपणची लालबागची चाळ आठवते, गटाराच्या कडेने पांढरी पावडर टाकून जायचे, आम्ही तिला गॅमेक्झिन म्हणायचो, संडासाजवळ, जिन्याखाली, सगळीकडे, आणि आम्ही तिथेच गोट्या खेळायचो. ती बीएचसी नावाची कीटकनाशक पावडर. तिच्यावर 1 एप्रिल 1997 पासून बंदी आली. डीडीटी शेतीला 1989 मध्ये बंद झालं, डासांसाठी चालू राहिलं. ही क्लोरपायरीफॉसपेक्षा कितीतरी चिवट, डीडीटीला मातीत निम्मं व्हायला दोनपासून पंधरा वर्षं. त्या चाळी पडल्या, टॉवर झाले, उकरलेली माती भरणीला कुठे कुठे गेली कोण जाणे. यांना नुसतं खत घालून भागत नाही, यांच्यातला क्लोरीन सुटायला पाण्याखालची, बिनहवेची माती लागते आणि पुढचं तुटायला हवा खेळणारी. भाताच्या खाचरात पाणी साठवलं की गॅमेक्झिनचा मुख्य मारक भाग लवकर तुटतो हे 1966 पासून माहीत आहे, पेंढा किंवा हिरवळीचं खत गाडलं तर आणखी लवकर. आपल्या कोकणातली जुनी माणसं चिखलणीआधी ताग गाडायची ती काही यासाठी नाही, पण काम तेही होत असणार. आणि शिसं, कॅडमियम असे धातू असतील, कारखान्याची किंवा गिरणीची जुनी जमीन असेल, तर ते कोणताही जंतू खाऊ शकत नाही, तिथे खत फार तर धरून ठेवतं.

माझं मागणं फार मोठं नाही. सोसायटीत वाळवीचं काम झालं की कोणतं रसायन, किती टक्के, किती लिटर, कुठल्या तारखेला, आणि आवारात नेमकं कुठे कुठे ओतलं हे नोटीस बोर्डावर आणि मिनिट्स बुकात लिहायचं, उरलेला माल बागेत ओतायचा नाही, हे कामाच्या ऑर्डरमध्येच टाकायचं. पेस्ट कंट्रोलला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली लायसन्स लागतं, मग त्या लायसन्सच्या अटीत एक पानाची नोंद देणं घालायला काय हरकत आहे? दहा वर्षांनी त्या मातीत कोणाची तरी नात पालक पेरणार असते. आणि कृषी विभागाने मुंबई, ठाणे, रायगडसाठी एका तरी सरकारी लॅबमध्ये माणसाला परवडेल अशा फीमध्ये मातीतल्या कीटकनाशकाची तपासणी सुरू करावी, सगळी रसायनं नकोत, क्लोरपायरीफॉस, बीएचसी, डीडीटी एवढी केली तरी खूप. वॉर्ड ऑफिसकडे कुठल्या टॉवरमध्ये खत पडून आहे याची माहिती असायलाच हवी, ती बाहेर बोर्डावर लावा, ज्यांच्याकडे माती आहे ते येऊन नेतील. गणपतीत निर्माल्याचं खत होतं तेही द्या, फक्त झेंडूवर भरपूर फवारलेलं असतं म्हणून ते चांगलं कुजवूनच द्या.

यावर्षी जूनमध्ये पेव्हर ब्लॉकवर मी गांडुळं मोजली, पहिल्या पावसाच्या सकाळी सतरा. पूर्वी मोजायची वेळ यायची नाही एवढी असायची. दयाळ एकच आला. न खत घातलेल्या वाफ्यातही आता या दिवाळीनंतर खत घालणार आहोत, माळीकाका खूश आहेत, आणि पुढच्या मार्चमध्ये पैसे जमवून लॅबची दुसरी तपासणी करायची ठरलंय, बिल्डिंगमधल्या सहा घरांनी वर्गणी दिली आहे. आमच्याकडे खत चाळायची मोठी चाळण आहे, दोन कुदळी आणि एक फावडं आहे. मुलुंड, भांडुप, नाहूरमधल्या कोणत्या सोसायटीला हवी असतील तर तुमच्या ऑफिसात कळवावं, मी माळीकाकांबरोबर पाठवीन, आणि डब्याची परीक्षा कशी घ्यायची ते दाखवायला स्वतः येईन.

आपली एक वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई